सदरलँडियाची लागवड आणि वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण आफ्रिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून, आणि तिथून कुणीतरी पाठवलेली गोळ्यांची डबी हातात पडल्यावर गोंधळलेल्या इकडच्या नातेवाइकांकडून, या झुडपाविषयी तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असतात. बागेत लावण्यासाठी हे झुडूप मनापासून सुचवावे असे आहे. औषध म्हणून मात्र त्याच्याबद्दल जितके बोलले जाते, त्या मानाने तपासून पाहिलेले फार थोडे आहे. पुढील उत्तरांत या दोन्ही बाजू वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. ज्यांना फक्त लागवड करायची आहे त्यांनी प्रश्न ५ ते १० वाचावेत. घरात कुणी आजारी असेल तर आधी प्रश्न १५ ते १८ वाचावेत.

१. सदरलँडिया म्हणजे नेमके कोणते झाड?

सदरलँडिया फ्रुटेसेन्स हे दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्स्वाना या देशांच्या कोरड्या भागांत आपोआप वाढणारे शेंगवर्गीय झुडूप आहे. तूर, हरभरा, शेवरी ज्या कुळात येतात त्याच कुळातले ते आहे. उंची साधारणपणे अर्धा ते एक मीटर, क्वचित त्याहून थोडी जास्त. पाने संयुक्त, पानांमधील दले बारीक, रंग राखाडीकडे झुकणारा हिरवा आणि चव अतिशय कडू. दक्षिण गोलार्धातील वसंतात, म्हणजे सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत, फांद्यांच्या टोकांशी शेंदरी-लाल फुलांचे घोस लटकतात; एकेक फूल तीन ते साडेतीन सेंटिमीटर लांब भरते. आफ्रिकान्स भाषेत त्याला कांकरबोस, झुलू भाषेत उनवेले आणि त्स्वाना भाषेत फेटोला म्हणतात. इंग्रजी बोलणारे लोक त्याला ‘कॅन्सर बुश’ म्हणतात आणि बहुतेक गैरसमज त्या नावापासूनच सुरू होतात. त्याविषयी प्रश्न १५ पाहावा.

२. काही पाकिटांवर ‘लेसर्टिया’ असे नाव असते. ती वेगळी वनस्पती आहे का?

वेगळी नाही. पीटर गोल्डब्लाट आणि जॉन मॅनिंग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००० साली ही जात लेसर्टिया या मोठ्या प्रजातीत समाविष्ट केली, त्यामुळे शास्त्रीय लिखाणात लेसर्टिया फ्रुटेसेन्स हे नाव आढळते. रोपवाटिका, औषध दुकाने आणि लोकव्यवहार यांत जुने नाव टिकून आहे. जेम्स सदरलँड हे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात एडिनबरा येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते, त्यांच्यावरून ते पडले. मात्र लेसर्टिया प्रजातीत इतरही अनेक जाती आहेत, म्हणून पाकिटावर ‘फ्रुटेसेन्स’ हा पुढचा शब्द आहे की नाही ते नक्की पाहावे.

३. रूइबॉस चहा आणि सदरलँडिया एकाच झाडाचे असतात का?

नाही, पण ही चूक समजण्यासारखी आहे, कारण दोन्ही झुडपे शेंगवर्गीय आहेत आणि दोन्ही दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडची आहेत. रूइबॉस म्हणजे अॅस्पालॅथस लिनिअॅरिस. सेडरबर्ग डोंगराच्या परिसरात, क्लॅनविल्यम गावाच्या आसपास त्याची शेती होते, त्याची पाने सुईसारखी असतात आणि त्यांना आंबवून लाल चहा केला जातो. त्यात कॅफीन नसते आणि लोक तो रोजचे पेय म्हणून पितात. सदरलँडिया हे रोजचे पेय नाही. तो कडू औषधी काढा आहे आणि तो त्याच सावधपणे घ्यायला हवा. रूइबॉसचे रोप घरच्या बागेत रुजवणे अवघड असते, कारण त्याला सेडरबर्गची आम्लधर्मी वाळूच मानवते. त्या तुलनेत सदरलँडिया कुठल्याही मातीशी जमवून घेते.

४. सोनामुखीही मूळची आफ्रिकेकडचीच. मग सदरलँडियानेही पोट साफ होते का?

सोनामुखीचा रेचक गुण तिच्यातील सेनोसाइड या घटकांमुळे आहे. सदरलँडियाची ख्याती त्या घटकांसाठी नाही आणि तिचा पारंपरिक वापरही रेचक म्हणून होत नाही. काही जणांना ती घेतल्यावर पातळ जुलाब होतात, पण तो दुष्परिणाम समजावा. बद्धकोष्ठतेवर सोनामुखीऐवजी हे वापरण्यात काही अर्थ नाही.

५. बी पेरून महिना झाला तरी उगवत नाही. बी खराब आहे का?

बहुतेक वेळा बी चांगले असते आणि फक्त पाणी आत शिरलेले नसते. हे बी काळे, चपटे, जेमतेम तीन मिलिमीटरचे असते आणि त्याचे कवच इतके टणक असते की ओल्या मातीतही ते महिनोन्‌महिने तसेच पडून राहते. कोरड्या प्रदेशातील शेंगवर्गीय झाडांमध्ये हे सर्रास दिसते: सगळे बी एकाच पावसात उगवले आणि पुढे पाऊस दगा देऊन गेला, तर वंशच संपेल.

म्हणून पेरण्याच्या आदल्या रात्री एका वाटीत बी घ्यावे, त्यावर उकळून दोन-तीन मिनिटे निवलेले पाणी ओतावे आणि ते रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी वाटीत दोन तऱ्हेचे बी स्पष्ट दिसते. काही दाणे फुगून दुप्पट झालेले असतात, त्यांची चकाकी गेलेली असते आणि नखाने दाबले तर ते मऊ लागतात. उरलेले दाणे जसेच्या तसे, चमकदार आणि कडक असतात. फुगलेले दाणे लगेच पेरावेत. कडक राहिलेले दाणे कोरडे करून बारीक पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासावेत. काळे कवच खरवडून आतला फिकट रंग जरासा दिसू लागला की थांबावे आणि पुन्हा भिजत घालावे. या दुसऱ्या फेरीत उरलेल्यांपैकी बरेच दाणे फुगतात. पेरणी उथळ, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर खोल करावी. अंकुर दोन ते तीन आठवड्यांत वर येतो.

६. पेरणी कोणत्या महिन्यात करावी?

तुम्ही कुठे राहता यावर ते अवलंबून आहे, आणि दक्षिण आफ्रिकेतच याची दोन वेगळी उत्तरे आहेत. केपटाउन आणि आसपासच्या पश्चिम केप भागात पाऊस हिवाळ्यात, मुख्यतः मे ते ऑगस्टमध्ये पडतो. तिथे शरद ऋतूत, म्हणजे मार्चअखेर ते मेपर्यंत पेरणी केली की रोपाला पुढचा पावसाळा मिळतो आणि डिसेंबरच्या कोरड्या उन्हाळ्यापूर्वी मूळ खोल जाते. जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाकडच्या पठारावर पाऊस उन्हाळ्यात असतो आणि जून-जुलैत रात्री हिमतुषार पडतो. मोठे झाड तो सोसते, पण कोवळ्या रोपाला जपावे लागते. म्हणून तिथे सप्टेंबरमध्ये, थंडी ओसरल्यावर पेरणे सोयीचे. महाराष्ट्रासाठी प्रश्न १० पाहावा.

७. रोपे उगवतात, पण दोन पानांवर असतानाच जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. काय चुकते?

ही रोपमर आहे. मातीतील बुरशी खोडाच्या तळाशी शिरते, तिथला भाग काळपट व दोऱ्यासारखा होतो आणि वरचे हिरवे रोप एका रात्रीत कोसळते. या झुडपाच्या लागवडीतील खरा कस इथे लागतो. एकदा रोप वीतभर झाले की त्याला सहसा काही होत नाही.

कारण जवळजवळ नेहमी जास्त पाणी हेच असते. उगवेपर्यंत माती ओलसर ठेवणे योग्य आहे, पण कोंब वर आल्यावर वरचा थर सुकू द्यावा आणि मगच पाणी द्यावे, तेही शक्यतो सकाळी. मिश्रणात निम्मी जाड वाळू असावी, शेणखत अजिबात नसावे. रोपे दाट उगवली तर विरळणी करावी, कारण दाटीत हवा खेळत नाही. कुंडी सावलीत ठेवून ‘जपण्याचा’ प्रयत्न बरेच जण करतात आणि त्यानेच रोपे जातात; पहिल्या पानांपासूनच त्यांना सकाळचे ऊन हवे असते. एक रोप पडले तर ते सभोवतालच्या मातीसह काढून टाकावे आणि उरलेल्यांचे पाणी दोन दिवस बंद करावे.

८. जमीन, खत, पाणी आणि छाटणी यांचे नियम काय?

भरपूर ऊन आणि निचरा या दोन गोष्टी मिळाल्या तर जमिनीबद्दल हे झुडूप फारसे हट्ट करत नाही. वाळू, मुरूम, दगडगोटे यांत ते चांगले वाढते; चिकण काळ्या मातीत लावायचे असेल तर वाफा उंच करावा. मुळांवर गाठी धरतात आणि त्यांतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, त्यामुळे युरिया किंवा इतर नत्रयुक्त खत देऊ नये. दिले तर पालेदार, लोळणारी आणि कीड लागणारी वाढ होते. जिथे हे झाड पूर्वी कधीच नव्हते अशा मातीत योग्य जिवाणू नसण्याची शक्यता असते; मुळांवर गाठी दिसल्या नाहीत आणि पाने पिवळी पडू लागली, तर ओंजळभर जुने कंपोस्ट पुरते.

मूळ सरळ खोल जाते आणि हलवलेले त्याला आवडत नाही. म्हणून शक्यतो जागेवरच पेरावे, नाहीतर उंच पिशवीत पेरून रोप लहान असतानाच मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट लावावे. कुंडीत वाढवायचे असेल तर कुंडी रुंद असण्यापेक्षा खोल असावी. पहिल्या वर्षी आठवड्याला एकदा भरपूर पाणी द्यावे. पुढे पावसावर भागते.

रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा. हे एक काम चुकवू नये, कारण न खुडलेले झुडूप उंच, किडकिडीत होऊन वाऱ्याने मोडते आणि खुडलेले बुंध्यापासून फुटते. फुले संपल्यावर एक-तृतीयांशापर्यंत छाटले तरी चालते, पण जुन्या जून खोडापर्यंत कापू नये.

९. चांगले वाढलेले झाड तीन-चार वर्षांत अचानक वाळले. हा रोग आहे का?

बहुधा नाही. हे झुडूप वेगाने वाढते आणि अल्पायुषी असते. काही वर्षांत त्याने जागा सोडणे हा त्याचा स्वभावच आहे. ते मागे बी ठेवून जाते. फुलानंतर येणाऱ्या शेंगा कागदासारख्या पातळ आणि हवेने फुगलेल्या असतात. उन्हासमोर धरल्या तर आतले काळे दाणे एका कडेला ओळीने चिकटलेले दिसतात. वाळलेल्या शेंगा वाऱ्याबरोबर अंगणभर घरंगळतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात नवी रोपे उगवतात. दरवर्षी त्यांतली एक-दोन राखली की झाडाचा खंड पडत नाही.

मधूनच पाने कुरतडलेली दिसली तर घाईने कीटकनाशक फवारू नये. निळ्या रंगाच्या लहान फुलपाखरांच्या काही जातींच्या अळ्या या झुडपावर वाढतात आणि फुलांतील मधासाठी शिंजीर येतात. फुलाची लांबी आणि रंग पक्ष्यांना साजेसाच आहे. शिवाय ज्या झाडाची पाने उकळून प्यायची आहेत, त्यावर विष मारणे कुठल्याही हिशेबात बसत नाही. गोगलगायी मात्र रात्री हाताने वेचून काढाव्यात, कारण त्या कोवळी रोपे मुळापासून फस्त करतात.

१०. हे महाराष्ट्रात येईल का? बी सामानातून आणले तर चालेल का?

आधी दुसऱ्या भागाचे उत्तर, कारण ते महत्त्वाचे आहे: सामानात घालून बी आणू नये. भारतात पेरणीसाठी बियाणे आणताना २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयातीचा परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. पाकीट लहान आहे किंवा घरच्या वापरासाठी आहे म्हणून सूट मिळत नाही. परक्या बियांबरोबर येणारी बुरशी किंवा कीड इथल्या तूर-हरभऱ्याला लागली तर होणारे नुकसान एका बागेपुरते राहणार नाही, त्यामुळे हा नियम मला पूर्णपणे योग्य वाटतो.

नियमानुसार मिळालेले बी हाती असेल, तर झाडाचा मूळ प्रदेश पाहून अंदाज करता येतो. थंडी आणि कोरडे ऊन त्याला मानवते. जून ते सप्टेंबरची संततधार आणि साचलेले पाणी मानवणार नाही. म्हणून कोकण आणि गोवा यांपेक्षा सोलापूर, सांगलीचा पूर्व भाग किंवा नगरचा कोरडा पट्टा त्याला जवळचा. पेरणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरअखेर करावी आणि पुढच्या पावसाळ्यात कुंडी छताखाली, पण उजेडात ठेवावी. ज्यांना औषधासाठीच लावायचे आहे त्यांनी एवढा खटाटोप करण्यापूर्वी पुढची उत्तरे वाचावीत. आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये ही वनस्पती नाही, त्यामुळे इथल्या वैद्यांकडे तिच्या मात्रेविषयी परंपरागत अनुभवही नाही.

११. परंपरेने याचा वापर कशासाठी होत आला?

हे ज्ञान मूळचे खोई आणि सान या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचे आहे. ते पानांच्या काढ्याने जखमा धूत आणि तापात तो पोटात घेत. केपमध्ये स्थायिक झालेल्या डच वसाहतींमधील लोकांनी ते त्यांच्याकडून उचलले आणि कांजिण्या, डोळ्यांचे विकार, पोटाच्या तक्रारी, तसेच शरीरातील गाठी यांवर वापरले. झुलू, सोथो आणि त्स्वाना परंपरांतही त्याला स्वतंत्र स्थान आहे. मन शांत करणारे, भूक वाढवणारे आणि दीर्घ आजारानंतर अंगात त्राण आणणारे म्हणून ते दिले जाते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दक्षिण आफ्रिकेत लाखो बळी गेले, तेव्हाही त्याचा वापर झाला.

एवढ्या वेगवेगळ्या लोकांनी इतका काळ एखादी वनस्पती जवळ ठेवली, ही गोष्ट आदराने पाहण्यासारखी आहे. परंपरेतला वापर हा शोधाला दिशा देतो. अमुक रोग बरा होतो याचा तो पुरावा मात्र होत नाही, आणि ‘शेकडो वर्षे वापरात आहे’ एवढ्यावर कुणी गंभीर आजारावरचे उपचार थांबवू नयेत.

१२. यात नेमके कोणते घटक असतात?

पानांत एल-कॅनव्हॅनिन आणि गॅबा ही अमिनो आम्ले, पिनिटॉल हे शर्करावर्गीय द्रव्य, तसेच याच झाडावरून नाव पडलेली सदरलँडिन आणि सदरलँडिओसाइड ही संयुगे आढळली आहेत. यांपैकी कॅनव्हॅनिन लक्षात ठेवावे, कारण त्याची रचना आपल्या प्रथिनांतील आर्जिनिन या अमिनो आम्लाशी इतकी मिळतीजुळती आहे की पेशी त्या जागी चुकून हेच वापरू शकतात. प्रयोगशाळेत दिसणारे काही परिणाम आणि काही धोकेही त्यामुळेच आहेत. हे सर्व घटक प्रदेशानुसार आणि झाडागणिक बरेच कमीजास्त असतात. कारू या दक्षिण आफ्रिकेतील कोरड्या पठारावरचे झाड आणि समुद्रकाठचे झाड दिसायला एक असले तरी आतून सारखे नसते.

१३. पाने कधी काढावीत आणि काढा कसा करतात?

फुलांच्या हंगामाआधी किंवा नंतर, निरोगी फांद्यांची वरची टोके कात्रीने कापावीत. झाड ओरबाडू नये आणि एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा जास्त घेऊ नये. पाने आणि कोवळे देठ सावलीत, हवेशीर जागी, एका थरात पसरून वाळवावेत. पान चुरडल्यावर कुरकुरले आणि राखाडी-हिरवा रंग टिकून राहिला की वाळवण नीट झाली. काळे पडले असेल किंवा कुबट वास येत असेल तर टाकून द्यावे. शेंगा आणि बिया काढ्यात घालू नयेत. वाळलेला पाला काचेच्या घट्ट बरणीत, अंधारात ठेवावा आणि बरणीवर तारीख लिहावी.

घरगुती पद्धतीत वाळलेला पाला कपभर उकळत्या पाण्यात घालून, झाकण ठेवून दहा मिनिटे मुरू देतात आणि मग गाळून घेतात. चव काडेचिराइताच्या जवळ जाणारी, म्हणजे कडूजहर असते आणि घशात बराच वेळ राहते. मात्रेविषयी पुढचा प्रश्न पाहावा.

१४. किती घ्यावे? गोळी आणि घरचा काढा यांत फरक काय?

गोळ्यांमध्ये साधारणपणे पानांची पूड असते आणि प्रत्येक गोळीतील वजन ठरलेले असते, त्यामुळे निदान आपण किती घेतो ते कळते. घरच्या काढ्यात ते कळत नाही, कारण झाड, हंगाम आणि मुरवण्याचा वेळ यांनुसार त्याची तीव्रता बदलते.

तपासलेल्या मात्रांविषयी ठोस माहिती थोडीच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने व्हर्व्हेट माकडांवर केलेल्या चाचणीत, माणसासाठी सुचवलेल्या मात्रेच्या (दर किलो वजनामागे दिवसाला ९ मिलिग्रॅम) नऊपटीपर्यंत पूड तीन महिने देऊनही विषबाधेची लक्षणे दिसली नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५ निरोगी प्रौढांपैकी १२ जणांना पानांच्या पुडीची ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, तीन महिने दिली गेली. गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि भूक सुधारल्याचे त्या गटाने सांगितले. रक्तातील काही आकडे बदलले, पण ते सामान्य मर्यादेतच राहिले. बारा निरोगी माणसे आणि तीन महिने, एवढाच या आश्वासनाचा आवाका आहे. आजारी माणसाला, वर्षभर, इतर औषधांसोबत देण्याविषयी या चाचण्या काहीही सांगत नाहीत.

ज्ञात किरकोळ त्रास म्हणजे तोंड कोरडे पडणे, पातळ जुलाब, लघवी वाढणे आणि अशक्त व्यक्तींमध्ये चक्कर येणे. यांपैकी काहीही झाले तर ते थांबवावे.

१५. याने कॅन्सर बरा होतो का?

नाही, असे मानायला आधार नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर या झाडाच्या अर्काचा परिणाम दिसला आहे, आणि त्या बातम्याच फिरत राहतात. बशीतील पेशींना मारणारी द्रव्ये असंख्य आहेत. रुग्णाच्या शरीरात, त्याला इजा न करता तेच घडेल हे माणसांवरील नियंत्रित चाचणीतून दाखवावे लागते आणि या झाडाच्या बाबतीत ते दाखवले गेलेले नाही.

या प्रश्नामागे बहुतेक वेळा घरातले कुणीतरी आजारी असते, म्हणून स्पष्ट लिहितो. शस्त्रक्रिया, केमोथेरपी किंवा रेडिएशन पुढे ढकलून हे घेणे घातक आहे, कारण अनेक कर्करोगांत सुरुवातीचे काही महिनेच निर्णायक असतात. उपचार चालू ठेवून ‘सोबत’ घेणेही आपल्या मनाने करू नये, कारण केमोथेरपीच्या अनेक औषधांचे विघटन यकृतातील ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) होते त्यांत हे झाड ढवळाढवळ करू शकते (प्रश्न १७). भूक लागत नाही, उलट्या होतात, थकवा येतो ही रुग्णाची खरी अडचण असेल, तर ती कर्करोगतज्ज्ञांना सांगावी. त्यावर तपासलेली औषधे उपलब्ध आहेत.

१६. एचआयव्ही असलेल्यांना याचा उपयोग होतो असे दक्षिण आफ्रिकेत ऐकले. ते कितपत खरे?

या प्रश्नाला दुःखद इतिहास आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत, राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांच्या कारकिर्दीत, सरकारने एचआयव्हीविरोधी औषधे सर्वांपर्यंत पोहोचवायला उशीर लावला आणि आरोग्यमंत्री मांटो त्शाबालाला-म्सिमांग लसूण, बीट, लिंबू आणि आफ्रिकन पोटॅटो या स्थानिक कंदाची महती सांगत राहिल्या. त्या वातावरणात वनस्पतीजन्य उपायांवर लोकांची मोठी भिस्त होती आणि सदरलँडिया त्यांतलेच एक होते.

पुढे त्याची रीतसर चाचणी झाली, हे फार चांगले झाले. क्वाझुलु-नाताल प्रांतात, एचआयव्ही असलेल्या पण ज्यांची प्रतिकारशक्ती अजून टिकून होती अशा प्रौढांवर २४ आठवड्यांचा दुहेरी-अंध अभ्यास (एका गटाला सदरलँडिया, दुसऱ्याला बिनऔषधी कॅप्सूल, आणि कुणाला काय मिळते हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक नाही) करण्यात आला आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. विषाणूचे प्रमाण बदलले नाही. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या दोन्ही गटांत सारखीच राहिली. उलट संसर्गाने आजारी असण्याचे दिवस सदरलँडिया घेणाऱ्या गटात जास्त भरले, सरासरी ५ ऐवजी ९. क्षयरोग टाळण्यासाठी आयसोनियाझिड घेत असलेल्या दोघांना त्या गटात क्षयरोग झाला, हे त्याचे कारण होते. या झाडाची आयसोनियाझिडशी काही परस्परक्रिया असावी आणि ती तपासली पाहिजे, असा निष्कर्ष संशोधकांनी नोंदवला.

क्षयरोगाचे इतके रुग्ण असलेल्या आपल्या देशातील वाचकांनी तो निष्कर्ष विशेष ध्यानात ठेवावा. आयसोनियाझिड किंवा क्षयरोगाचा कोणताही उपचार चालू असताना सदरलँडिया घेऊ नये. एचआयव्हीवर नियमित औषधे घेणाऱ्यांनीही घेऊ नये. अॅटाझानॅव्हिर या औषधाचे रक्तातील प्रमाण निरोगी स्वयंसेवकांत या झाडामुळे कमी झाल्याचे आढळले आहे, आणि औषधाचे प्रमाण घसरले की विषाणू त्याला दाद देईनासा होण्याचा धोका असतो.

१७. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत घेतले तर?

पिनिटॉलमुळे आणि पारंपरिक वापरामुळे या झाडाकडे साखर कमी करणारे म्हणून पाहिले जाते. तो परिणाम तुमच्यात झाला नाही तर घेऊन उपयोग नाही. झाला तर आधीच्या गोळीत त्याची भर पडून साखर एकदम खाली जाऊ शकते. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी आपल्या मनाने सुरू करण्याचे कारण उरत नाही.

दुसरा मुद्दा यकृताचा. सीवायपी३ए४ हे विकर पुष्कळ औषधांचे विघटन करते आणि प्रयोगशाळेत सदरलँडियाचा अर्क त्याला अडवतो असे दिसले आहे. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, फिट्स, अवयव प्रत्यारोपण यांवरील बरीच औषधे या यादीत येतात. आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका. डबी सोबत घेऊन जा आणि शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगा.

१८. कुणी मुळीच घेऊ नये?

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी घेऊ नये आणि लहान मुलांना देऊ नये. ल्युपस किंवा तत्सम स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी तर कटाक्षाने टाळावे. अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) मोडांत कॅनव्हॅनिन असते आणि ते मोड भरपूर खाऊ घातलेल्या माकडांत ल्युपससारखा आजार दिसला होता. सदरलँडियातही तोच घटक असल्यामुळे ही खबरदारी अनाठायी नाही. याशिवाय प्रश्न १५, १६ आणि १७ मधील सर्व व्यक्ती.

१९. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाला पिवळी फुले आली. हे तेच आहे का?

शेंगा फुगीर आणि फुले पिवळी असतील तर ते बहुधा कोल्युटिया, म्हणजे भूमध्य समुद्राकडचे एक दूरचे भावंड आहे. अठराव्या शतकात लिनियसनेही सदरलँडियाला कोल्युटियातच टाकले होते, इतके ते सारखे दिसतात. ओळख पक्की होईपर्यंत पाला पोटात घेऊ नये.

२०. कारूत फिरताना रस्त्याकडेला भरपूर दिसते. तोडून आणले किंवा थोडेसे विकले तर चालेल का?

खाजगी शेतातून मालकाला न विचारता आणि राखीव क्षेत्रातून कोणत्याही परिस्थितीत तोडू नये. रानफुले व रोपे तोडण्याविषयी प्रत्येक प्रांताचे स्वतःचे निसर्गसंवर्धन नियम आहेत. रस्त्याकडेच्या झाडांवर वाहनांचा धूर आणि तणनाशके बसलेली असतात, हेही विसरू नये. रोपवाटिकेत बी सहज मिळत असताना रानातून आणण्याची गरजही नाही.

विक्रीचा किंवा उत्पादन तयार करण्याचा विचार असेल तर बाब वेगळी होते. दक्षिण आफ्रिकेच्या २००४ च्या जैवविविधता कायद्यानुसार आणि त्याखालील २००८ च्या नियमांनुसार, देशी वनस्पतींपासून व्यापारी उत्पादन विकसित करण्यासाठी परवाना घ्यावा लागतो, आणि त्या वनस्पतीचे ज्ञान ज्या समाजाचे आहे त्याच्याशी लाभवाटपाचा करार करावा लागतो. रूइबॉसच्या बाबतीत खोई आणि सान समाजांशी असा करार २०१९ साली झाला. परदेशात बसून, दुसऱ्या देशातील मूळ रहिवाशांनी शतकानुशतके जपलेल्या झाडाच्या गोळ्या काढू पाहणाऱ्यांनी कागदपत्रांची सुरुवात या कराराच्या चौकशीपासून करावी आणि ती त्या देशाच्या पर्यावरण खात्याकडे करावी.